भांडकुदळ माशांच्या सोयरिकी

आमच्या दुकानाच्या पाटीवर एक लालभडक मासा रंगवलेला होता. त्या माशाने मला उभा जन्म छळलं. रविवारी सकाळी पूजा चाललेली असायची आणि फोन वाजायचा.

"काकू, रोहू हाय का?"

"न्हाई."

"मंग कटला?"

"अहो, आमच्याकडं खायचे मासे नसतात. बघायचे असतात."

पलीकडून आवाज यायचा, "बघून घेतो की आधी. पसंत पडले तर नेतो."

माझं माहेर उदगीरचं, लिंगायताचं घर. लग्न होऊन नांदेडला आले तोवर मी अंडं फुटलेलंसुद्धा जवळून पाहिलं नव्हतं. आमच्या ह्यांचं कूलर-पंप दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्यात गिऱ्हाइकं खोळंबायची, कावायची. त्यांचा जीव रमावा म्हणून ह्यांनी कोपऱ्यात माशांची एक काचेची टाकी ठेवली. झालं उलटंच. लोक कूलरचं विसरून माशांची किंमत विचारू लागले. पुढे कूलर मागे सरकले, टाक्या पुढे आल्या आणि ह्यांच्या माघारी सगळा कारभार माझ्याकडे आला.

ही बातमी उदगीरला कळली तेव्हा आमच्या अव्वानं अंथरूण धरलं. आमच्याकडे आईला अव्वाच म्हणतात. "मासे विकती? लिंगायताची पोरगी?" एवढंच म्हणत राहिली. मी तिला सांगून पाठवलं की मी ठेवते ते आफ्रिकेचे मासे बरेचसे शाकाहारी असतात, दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. अव्वाला आधी पटलं नाही. मग एक दिवस स्वतःच आली, येताना पालक घेऊन आली. वाफवलेलं पान पाण्यात सोडलं, माशांनी ते काही क्षणांत फस्त केलं आणि अव्वा म्हणाली, "हे तर आपल्यातलेच हायेत की."

आपल्यातलेच होते, हे मला पुढे फार वेगळ्या अर्थाने कळलं.

आता ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आफ्रिकेत मलावी नावाचं एक तळं आहे. म्हणायला तळं, पण समुद्रासारखं अफाट. त्याच्या काठच्या खडकांत हे मासे राहतात. त्यांना सिक्लिड म्हणतात. रंग असे की डोळे दिपावेत. पण प्रत्येकाचा आपला एक दगड ठरलेला. त्या दगडावरचं शेवाळ म्हणजे त्याचं शेत, दगडाची कड म्हणजे त्याचा बांध. आणि बांधावरून आपल्याकडे जे जे होतं, ते ते सगळं तिथेही होतं. फक्त तलाठी नसतो.

त्यांना पाणी लागतं जड, क्षारांचं. नांदेड-लातूरकडच्या बोअरच्या पाण्याला आपण रोज शिव्या देतो. गीझर जातो, कुकरला पांढरा थर येतो, केस गळतात. तेच पाणी ह्या माशांना आईच्या दुधासारखं मानवतं. बाकीचे नाजूक मासे आमच्याकडे आठवडा काढत नाहीत, हे आफ्रिकन मात्र मराठवाड्यात येऊन सुखाने नांदतात. म्हणजे नांदले असते, स्वभाव बरा असता तर.

गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि रंगावर बोट ठेवायचं. "हा एक द्या, तो पट्ट्यापट्ट्याचा एक, तो निळा एक." वधूवर मेळाव्यात शर्टाचा रंग बघून जावई निवडावा तशातला हा प्रकार. मी सरळ नाही म्हणायची. एकसारख्या रंगाचे दोन नर एकत्र ठेवले की एकाला दुसरा आपला भाऊबंद वाटतो, आणि भाऊबंद म्हटलं की दावा आलाच. गरीब मासा तापट माशासोबत दिला तर गरीब उपाशी मरतो. टाकी मोकळी ठेवली तर एक जण सगळी टाकी आपल्या नावावर करतो. त्यापेक्षा जरा दाटी बरी. मग मारकुट्याला कळत नाही की नेमकं कुणामागे धावावं. म्हणून मी कधी मासे विकले असं मला वाटतच नाही. मी सोयरिकी जुळवल्या.

मुखेडचे एक गुरुजी बायकोला घेऊन आले होते. लग्नाचा वाढदिवस होता, एक जोडी पाहिजे म्हणाले. मी सांगितलं, "गुरुजी, ह्यांच्यात जोडी चालत नाही. एक नर, एक मादी ठेवली की तो तिच्या इतका मागे लागतो की ती जीव सोडते. एका नराला तीन-चार माद्या द्याव्या लागतात."

गुरुजी टाकीकडे बघत बसले. जरा जास्तच वेळ बघत बसले.

बाईंनी पर्स काखेला मारली. "चला. गोल्डफिश घेऊ."

असे पुष्कळ आले आणि गेले. पण हा लेख लिहायला बसले ती एका वेगळ्याच गोष्टीसाठी. लातूरच्या एका दवाखान्यात माझी अब्रू काचेच्या टाकीत तरंगत होती आणि ती बुडते की तरते हे एक मासोळी आणि एक सासू मिळून ठरवणार होत्या, ती ही गोष्ट.

लातूरला औसा रोडच्या बाजूला एक डॉक्टर जोडपं आहे. मॅडम बाळंतपणाच्या, त्यांचे यजमान शिरीष डॉक्टर हाडांचे. एकाच इमारतीत डावीकडे पोटं, उजवीकडे पाय. मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "काकू, मला अशी टाकी द्या की बघता बघता बायांचं बीपी खाली आलं पाहिजे. आधीच्या माणसानं दिलेले मासे टिकलेच नाहीत."

मी पाणी तपासलं. अर्धं बोअरचं, अर्धं टँकरचं. म्हटलं, "आफ्रिकन देते. पण गरीब स्वभावाचे निवडून देते." आणि खरंच जीव लावून निवडले. पिवळेधमक, ज्यांना आम्ही येलो लॅब म्हणतो, अगदी शेजारधर्म पाळणारे. त्यांच्या जोडीला तांबूस जांभळे, आणि निळ्या अंगाचे पिवळ्या शेपटीचे. मोठी टाकी, भरपूर दगड, लपायला कपारी. टाकी लागली आणि हॉलचं रूपच पालटलं. बाया नंबर आला तरी उठेनात. मॅडमकडचं बघून लातूरच्या दोन-चार दवाखान्यांनी माझ्याकडून टाक्या नेल्या. नांदेडची मासेवाली काकू म्हणून लातूरात माझं नाव झालं आणि तिथे कुणी रोहूही मागत नव्हतं.

वर्षभर सगळं गोडीगुलाबीत चाललं. मग एके दिवशी मॅडमचा फोन आला.

"काकू, मासा मेला. शेपटी कुरतडल्यासारखी दिसते."

"टँकर बदलला का?"

"बदलला."

मी निश्चिंत झाले. पाण्याचाच दोष. पाणी थोडं थोडं बदलायला सांगितलं, औषध कोणतं घालायचं ते सांगितलं. पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन. आणखी एक गेला होता. आणि मॅडमच्या आवाजातली काळजी ह्या वेळी मेलेल्या माशासाठी नव्हती.

"काकू, मी सिझरला घाबरत नाही, पण एका बाईनं मला घाबरवून सोडलंय. तुम्ही या. नाहीतर टाकी तरी न्या."

मी बादली, दोन जाळ्या आणि नळी घेऊन लातूरची एसटी धरली. कंडक्टरनं जाळ्यांकडे बघून सांगितलं, "मावशी, विष्णुपुरीच्या धरणाला जायची गाडी तिकडून सुटते."

"मी लातूरला चाललेय. दवाखान्यात."

"जाळ्या घिऊन?"

"हाव. पेशंट हाताला लागत न्हाई."

त्याने पुढे काही विचारलं नाही. अहमदपूरला चहा पिताना मात्र माझी चेष्टा आटली. बाळंतपणाच्या दवाखान्यात मासे मरतात, ही बातमी किती लांब जाऊ शकते ह्याचा विचार मी तोवर केलाच नव्हता.

दवाखान्यात शिरले तेव्हा ती बातमी पसरवणारी बाई टाकीसमोरच्या बाकावर मांडी घालून बसली होती. गंगाबाई. अहमदपूरच्या पलीकडचं गाव, घरची शेती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की तालुक्याला माइक लागू नये. सोबत सून सीमा, पोटुशी. सीमाला उलट्यांनी हैराण केलं होतं, म्हणून त्यांची दर थोड्या दिवसांनी खेप होत होती आणि प्रत्येक खेपेला गंगाबाई टाकीचं निरीक्षण करत होत्या.

"ज्या पाण्यात मासोळी जगंना," त्या शेजारच्या बाईला सांगत होत्या, "त्या घरात लेकरू कसं जगंल? म्या माझ्या डोळ्यांनी दोन मेलेल्या पाहिल्या. अपशकुन हाय."

शेजारच्या बाईने पदर सावरला आणि आपल्या लेकीकडे पाहिलं. मॅडमनी मला आत नेऊन सांगितलं की दोन घरच्यांनी तर नाव काढून दुसरीकडे घातलं होतं. "मी त्यांना काय सांगू? शास्त्र सांगू? त्यांना समोर मेलेला मासा दिसतो."

मी बाहेर येऊन टाकीसमोर खुर्ची टाकली आणि नुसती बघत बसले. माशांचा घोटाळा कळायचा तर दुसरा उपाय नाही. पाणी स्वच्छ. उष्णता बरोबर. पण मासे सगळे एका कोपऱ्यात वरच्या बाजूला दाटलेले, जत्रेत चेंगराचेंगरी झाल्यासारखे. आणि बाकीची अख्खी टाकी रिकामी. मधल्या मोठ्या दगडाच्या कपारीतून एक काळाभोर मासा बाहेर आला, अंगावर फिकट पट्टे, एक फेरी मारली, एका निळ्याच्या बरगडीत धडक दिली आणि पुन्हा आपल्या गादीवर जाऊन बसला.

मी तो मासा दिलेला नव्हता.

नाव ऑराटस. ह्या सगळ्या खानदानातला सगळ्यांत खुनशी. माझ्या दुकानात मी तो ठेवतच नव्हते.

"मॅडम, हा काळा मासा कुणीतरी बाहेरून आणून टाकलाय."

मॅडमनी रिसेप्शनच्या मुलीकडे पाहिलं. तिने नकाराची मान हलवली. आयाबाईंनी मान हलवली. तेवढ्यात शिरीष डॉक्टर आपल्या बाजूने आले. गडबड काय आहे ते त्यांनी ऐकलं आणि ठामपणे म्हणाले, "काळा मासा कुणी आणलेला नाही काकू. आणला तेव्हा पिवळा होता."

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "कुणी आणला तेव्हा?"

शिरीष डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. हैदराबादला कॉन्फरन्सला गेले होते, तिथे एका दुकानात दिसला, पिवळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, इतका देखणा की राहवलं नाही. टाकीत जरा व्हरायटी पाहिजे असं त्यांना वाटलं. आणून गुपचूप सोडला. त्यांची काय चूक म्हणा. ऑराटस लहानपणी पिवळाच असतो. नर वयात आला, टाकी ताब्यात आली, की काळा पडतो.

"म्हंजे घरधन्यानंच आणलेला गुंड," गंगाबाईंनी बाकावरून निकाल दिला.

आता काळ्याला बाहेर काढणं आलं. सांगायला सोपं आहे. दगडांतला मासा जाळीने धरणं म्हणजे उसाच्या फडातलं रानडुक्कर छत्रीनं धरणं. सगळे दगड काढावे लागतात, पाणी उतरवावं लागतं, टाकीत हात घालून सगळा संसार उधळावा लागतो. मी बाह्या सारल्याच होत्या, इतक्यात सीमा काचेला नाक लावून म्हणाली, "काकू, ही पिवळी अशी का दिसून राहिली? गालफुगी झाल्यावानी?"

मी वाकून पाहिलं. उजव्या टोकाला पंपाच्या मागे एक पिवळी मादी एकटीच होती. हनुवटी खाली फुगलेली, तोंड घट्ट मिटलेलं, मधूनच काहीतरी चघळल्यासारखं करत होती. मी चिमूटभर खाद्य टाकलं. सगळे धावले. ती जागची हलली नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "तुमचा एक पेशंट इथं आहे."

ह्या मासोळ्या अंडी तोंडात घेतात. नर-मादीचं जमलं की अंडी टाकायची आणि लगेच तोंडात उचलायची. तिथेच ती उबतात, तिथेच पिल्लं होतात. तीनेक आठवडे आई अन्नाला शिवत नाही. घास घ्यायचा तर अंडी गिळली जातील. मी हे सांगत होते आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या बाया उठून टाकीभोवती गोळा झाल्या होत्या. कुणी हात पोटावर ठेवून, कुणी कमरेवर.

मॅडमनी टॉर्च मागवला, काचेतून आत धरला आणि पेशंटकडे बघतात तशा मान कलती करून बघत राहिल्या. "घाबरली तर काय होतं?"

"थुंकून टाकते सगळं. काळ्याने दोनदा हाणलं तर आजच. मी दगड उपसायला लागले तरी तेच."

"म्हणजे हलवायचं नाही," मॅडम म्हणाल्या, "आणि तसंच ठेवायचंही नाही. छान. अशा केसेस माझ्याकडेच येतात."

गंगाबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. "म्हंजे तीन आठवडे हिच्या तोंडातून एक शब्द न्हाई?" त्यांनी सुनेकडे वळून पाहिलं. "बघ. ह्याला म्हन्त्यात आई."

सीमाने टाकीवरची नजर काढली नाही. "तिला सासू न्हाई आत्याबाई. म्हणून जमतंय."

अख्खा हॉल हसला. एक बाई इतकी हसली की मॅडमना तिला बसवावं लागलं. गंगाबाईंनी नाक फुगवलं, पण पदराआड त्यांच्याही ओठाचं टोक हललेलं मी पाहिलं.

तोडगा शेवटी असा निघाला की टाकीत मध्येच एक भिंत घालायची. पिवळी एका बाजूला राहील, गुंड दुसऱ्या बाजूला, मग मी त्या बाजूचे दगड काढीन. पण भिंत आणायची कुठून? मी इकडेतिकडे बघत होते. शिरीष डॉक्टर काही न बोलता आपल्या खोलीत गेले आणि एक्स-रे लावून बघायची जी दिव्याची पेटी असते, तिच्यावरचा पांढरा प्लास्टिकचा पत्रा काढून घेऊन आले. वर म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवरच बघतो." बायकोकडे मात्र बघत नव्हते.

पत्रा मापाचा निघाला. वर थोडी फट राहत होती, म्हणून पाणी उतरवलं. तो मी इंचाइंचाने आत सरकवला. पिवळी पंपामागे तशीच. तोंड मिटलेलं.

मग काळ्याशी सामना. पहिला दगड काढला, तो दुसऱ्यामागे. दुसरा काढला, तो तिसऱ्यामागे. फरशीवर पाणी झालं, माझ्या साडीच्या निऱ्या भिजल्या, दोन्ही हातांत दोन जाळ्या. आणि मागून गंगाबाईंचं चालू झालं.

"डावीकडं! अगं डावीकडं! तुमची डावी न्हाई, माझी डावी!"

"आत्याबाई, तुमी बसा."

"कशाला बसू? ह्यांना दिसून न्हाई राहिलं! दगडाखाली हाय! आता वर! वर!"

अपशकुनाची म्हणून जिने टाकी गावभर केली ती बाई गुडघ्यावर बसून काचेवर बोट आपटत होती. तिच्या त्या बोटाला बिचकूनच काळा उसळला आणि सरळ माझ्या जाळीत आला. टाळ्या पडल्या. बाळंतपणाच्या दवाखान्यात लेकरू होण्याआधी टाळ्या बहुतेक पहिल्यांदाच पडल्या असतील.

"हिला बघा आधी," सीमा म्हणाली.

सगळ्या पत्र्याच्या पलीकडे धावल्या. पिवळी होती. हनुवटी भरलेली होती.

काळ्याचं काय करायचं हा प्रश्न मॅडमनी मला सोडवू दिला नाही. "हाडं मोडणारा मासा हाडांच्या डॉक्टरांकडेच शोभतो," त्या म्हणाल्या. त्याच आठवड्यात शिरीष डॉक्टरांच्या खोलीत त्याची वेगळी टाकी लागली. एकटा मासा, एक दगड, भांडायला कुणी नाही. प्लास्टर घातलेले लोक त्याच्यासमोर बसून त्याची वाखाणणी करायचे. मला मात्र तो एकटा फिरताना बघून वाईट वाटायचं. त्याने मारलेले मासेही मीच निवडून दिलेले होते, त्यांचंही वाईट वाटायचं. ह्या धंद्यात दोन्ही बाजूंचं वाईट वाटायची सवय करून घ्यावी लागते. आपण फक्त पाणी आणि संगत देतो. स्वभाव ज्याचा त्याने आणलेला असतो.

दोन-तीन दिवसांनी मी पुन्हा गेले. सकाळी टाकीचा दिवा लावायच्या आधी, अंधारातच पिवळीला पाण्यासकट वाडग्यात घेतलं आणि रिसेप्शनजवळ लहान टाकीत ठेवलं. पिल्लं सुटली असती तर मोठ्या टाकीतल्या शेजाऱ्यांनी नाश्ता केला असता. शेजारधर्माला सुद्धा काही मर्यादा असतात. मॅडम म्हणाल्या, "माझ्या सगळ्या खोल्या भरल्यात आणि हिला मात्र स्पेशल रूम."

त्या दिवसांत मला लातूरहून इतके फोन आले की नांदेडच्या गिऱ्हाइकांना वाटलं मी तिकडे दुसरं दुकान काढलंय. मॅडम ऑपरेशन संपवून फोन करायच्या. रिसेप्शनची मुलगी करायची. आणि एक अनोळखी नंबर रोज यायचा.

"काकू, मी गंगा. काय म्हन्ती ती?"

"अहो, ती लातूरला आहे, मी नांदेडला."

"तरी पन. तुमाला कळत आसंल की. काही खाल्लं का तिनं?"

"खायचं नसतंय तिनं."

"आमची बी खात न्हाई. पर मी आता तिला काही म्हणून न्हाई राहिले. खाईल तवा खाईल."

सीमाच्या तपासणीच्या वेळी मॅडमनी हेच कितीदा सांगितलं असेल, गंगाबाईंनी ऐकलं नव्हतं.

पिल्लं सुटली तेव्हा मी नेमकी तिथेच होते, दुसऱ्या एका दवाखान्याची टाकी धुवायला गेले होते आणि जाता जाता डोकावले होते. गंगाबाई आणि सीमा नंबर लावून बसलेल्या. सीमाच म्हणाली, "तोंड उघडलं!" पिवळीने तोंड उघडलं आणि एक पिल्लू बाहेर आलं, जिऱ्याच्या दाण्याहून थोडं मोठं, पण अंगाने पुरता मासा. कुणीतरी उत्साहाने काचेवर टकटक केलं. पिवळीने झटक्यात ते पुन्हा आत घेतलं.

"कोन हाय ते वाजवून राहिलं?" गंगाबाई अशा कडाडल्या की लिफ्टजवळचा एक माणूस जिन्याने गेला. "हात मागं घ्या समद्यांनी! लेकरं घाबरत्यात!"

मॅडम बाहेर आल्या. हातात स्टेथोस्कोप तसाच. पिवळीने पुन्हा तोंड उघडलं, आणि ह्या खेपेला एकामागून एक सोडत गेली. पिवळे ठिपके दगडांच्या फटींत पसरले. पिवळी तळाशी टेकली. इतक्या दिवसांच्या उपासाने पोट खपाटीला गेलेलं, डोकं मोठं दिसत होतं. मी चिमूटभर खाद्य टाकलं. तिने एक कण घेतला. मग दुसरा.

"खाल्लं," सीमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गंगाबाईंनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडून तिच्यापुढे धरला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. सीमाने अर्धी पोळी खाल्ली.

पुढचं सांगायला नको. अपशकुनाची बातमी ज्या तोंडाने गेली होती त्याच तोंडाने शकुनाची बातमी गेली, आणि दुप्पट वेगाने. बिलोलीहून बाया यायला लागल्या. मॅडमनी मला फोन करून तक्रार केली, "काकू, आता पेशंट कमी आणि प्रेक्षक जास्त येतायत. एक बाई तर नुसती मासोळीला ओवाळायला आली होती. तिला तपासायचंय का विचारलं तर म्हणाली, मी साठीची हाय."

सीमाला मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप. पुढे बरेच महिने त्यांचा काही ठावठिकाणा नव्हता.

मग एक दिवस दुपारी माझ्या नांदेडच्या दुकानासमोर जीप थांबली. पुढून गंगाबाई उतरल्या, काखेत गुटगुटीत नात. मागून सीमा. नातीला पाळणा घ्यायला आलो होतो, म्हणाल्या, म्हटलं काकूंकडं जाऊन यावं. दोघींनी चहा घेतला. नातीने टाकीतले मासे बघून हात-पाय झाडले. मग गंगाबाईंनी घसा खाकरला.

"काकू, आमाला बी टाकी पायजे. बोअरचं पानी हाय, लई जड हाय, मी चव घिऊन पाहिलं."

"देते की. ते शेजारधर्मवाले पिवळे देऊ का? गरीब असतात."

"न्हाई न्हाई." त्यांनी सुनेकडे एक नजर टाकली. "भांडणारे द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एवढ्या वर्षांत हे मागणारं पहिलं गिऱ्हाईक.

"आवो, घरात लई शांत झालंय," गंगाबाई म्हणाल्या. "ही पोरगी आल्यापून हिला भांडाया सवड न्हाई आन मला बी न्हाई. दोघी बी तिच्याच मागं. सांजच्याला कसं सुनं सुनं वाटतंय. कायतरी चालू पायजे की डोळ्यापुढं."

सीमा हसू दाबत दुसरीकडे बघत होती, पण नाही म्हणाली नाही.

मी उठले. जन्मभर लोकांना शांत मासे निवडून दिले, पण सांगते, ते सोपं काम होतं. भांडतील पण मरणार नाहीत, मारतील पण जिरवणार नाहीत, रोज सकाळी उठून नव्याने सुरू करतील, असे मासे निवडायला खरी नजर लागते. त्या दिवशी मी दुकानातल्या सगळ्या टाक्या फिरले. बळाने सारखे बघितले, रंगाने वेगळे बघितले. एकही एकटा पडणार नाही इतकी दाटी केली. नरांपेक्षा माद्या जास्त दिल्या. दगड असे दिले की प्रत्येकाला आपली कपार आणि प्रत्येकाला पळायला वाट. सगळे एका मोठ्या टाकीत सोडून दाखवले. काही वेळातच धावपळ सुरू झाली. एकाने दुसऱ्याला पिटाळलं, दुसऱ्याने तिसऱ्यावर राग काढला, तिसरा दगडाला वळसा घालून पहिल्याच्या मागे आला.

गंगाबाई खुर्ची ओढून पुढे बसल्या. नात मांडीवर. बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यातली मी कोन्ती?"

सीमाने क्षणभरही विचार केला नाही. "ती. दगडापाशी बसलेली. कुनाला फिरकू न देणारी."

गंगाबाईंनी वाकून त्या माशाला नीट बघून घेतलं. नातीला दाखवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"मंग तेवढा दगड जरा मोठा द्या, काकू."